गळ्याइतकं गरम पाणी

आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरला मी चार वर्षांत चारदा पाहिलं असेल, पण त्याच्या गुलाबी चिठ्ठ्यांची माझ्याकडे थप्पी होती. गाडी तिरकी लावू नका, कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारा, पूलवर काचेचे ग्लास नेऊ नका. तोंडानं बोलायचं नाही, चिठ्ठी दाराला चिकटवून पसार व्हायचं, अशी त्याची रीत. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच आठवड्यात चिठ्ठी आली की बाल्कनीच्या कठड्यावर काहीही वाळत घालायचं नाही. कठड्यावर आईची दोन पातळं होती. एवढं ऊन फुकट घालवून मशिनीत कपडे वाळवायचे हा कुठला शहाणपणा, असं तिचं म्हणणं पडलं.

आमच्या अगदी समोरच्या बाल्कनीत एक जपानी बाई रोज सकाळी गादी उन्हात टाकायची आणि काठीनं बडवायची. त्या दिवशी तिच्याही हातात गुलाबी चिठ्ठी होती. आईनं आपली चिठ्ठी उंच धरली, तिनं तिची धरली, आणि मधल्या पार्किंग लॉटवरून दोघी एकमेकींकडे बघून खो खो हसल्या. मैत्री व्हायला एवढं पुरलं. मी त्या कॉम्प्लेक्समध्ये चार वर्षं राहत होते आणि मला शेजाऱ्यांच्या फक्त गाड्या ओळखू यायच्या.

त्या बाईचा नवरा चिप इंजिनिअर होता. जपानी कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी इकडे पाठवलं होतं. मीही चिपच्याच धंद्यातली. स्टेट कॉलेजला एमएस करून थेट इथे आलेली. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती आणि जपान आपला धंदा गिळणार या भीतीनं आमच्या ऑफिसात लोकांची झोप उडाली होती. मीटिंगमध्ये जपानचं नाव निघालं की माझा मॅनेजर पेन्सिल चावायचा. आणि संध्याकाळी मी घरी यावं तर माझी आई जपान्याच्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत असायची.

दोघींना मिळून इंग्रजीचे पन्नासेक शब्द येत असतील. आई सरळ मराठीत बोलायची, ती जपानीत. एकदा मी म्हटलं की आई, तिला तुझं काही कळत नाही. तर आईनं मला झापलं. सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. तिथे तेलुगू बायका यायच्या, छत्तीसगडी यायच्या, त्यांची बाळंतपणं काय ती डिक्शनरी घेऊन करत होती? वॉर्डाचा विषय निघाला की आईपुढे माझं काही चालत नसे.

त्या बाईच्या घरात कोपऱ्यात एक छोटं काळं लाकडी कपाट होतं आणि त्यात बुद्धाची मूर्ती. आईनं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि चपला काढून, हात जोडून त्रिशरण म्हटलं. नागपूरला आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी जे म्हटलं जातं तेच तिनं म्हटलं. जपानी बाईचे डोळे विस्फारले. भारतातून आलेल्या एका बाईच्या तोंडून ते तिला अपेक्षित नव्हतं. तिनंही हात जोडले, आणि तेव्हापासून ती आईला ओकासान म्हणू लागली. म्हणजे आई. मला मात्र ती शेवटपर्यंत आडनावानंच हाक मारत राहिली.

आडनावावरून आठवलं. आईला माणसं भेटावीत म्हणून मी तिला एकदा मराठी मंडळींच्या पॉटलकला, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, घेऊन गेले होते. एका काकूंनी प्रेमानं जवळ बसवलं, नागपूरला कुठे राहता विचारलं, मग आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. त्या दोनदा "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि सॅलड घ्यायला उठल्या, त्या काही परत आल्या नाहीत. गाडीत मी चिडून बडबडत होते. आई म्हणाली, त्यांच्या साबुदाण्यात मीठ कमी होतं. पुन्हा कधी ती तिकडे गेली नाही. तिला समोरची बाल्कनी पुरेशी होती.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पूलशेजारी एक हॉट टब होता. शुक्रवारी संध्याकाळी आमचे शेजारी त्यात बियरचे कॅन घेऊन बसायचे, चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे. आईचे गुडघे गेलेले, तीस वर्षं वॉर्डात उभं राहून. मी म्हटलं, तूही बस ना, बरं वाटेल. तिनं टबाकडे पाहून नाक मुरडलं. पंपानं फिरवलेलं पाणी तिला नको होतं. मग, तिथेच पूलच्या खुर्चीवर बसून, तिनं मला एक गोष्ट सांगितली जी मी तिच्या तोंडून आधी कधीच ऐकली नव्हती.

ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अंगभर इसब झाला होता. त्यांच्या गावापासून दिवसभराच्या वाटेवर जमिनीतून गरम पाणी येणारं एक कुंड होतं. त्या पाण्यानं कातडीचे रोग जातात असं लोक म्हणत. बापलेक चालत गेले. कुंड दगडी, मोठं, वाफ येणारं. पण ते वरच्या लोकांचं. आमच्या लोकांसाठी भिंतीखाली एक मोरी होती. वरच्यांच्या अंगावरून वाहून आलेलं पाणी तिथे पडायचं, आणि तिथवर येता येता ते कोमट झालेलं असायचं. आजोबा त्या मोरीखाली उकिडवे बसले आणि आई भिंतीवर चढून वरच्या कुंडात लोक कसे गळ्यापर्यंत बसलेत ते पाहत राहिली.

"मला एकदा तसं बसायचं आहे," ती म्हणाली. "गळ्यापर्यंत. जमिनीतून आलेल्या पाण्यात. मग गुडघे राहोत नाहीतर जावोत."

आईनं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. अमेरिकेत येऊनही तिला मॉल नको होता, गोल्डन गेट ब्रिजवर ती थंडी वाजते म्हणून गाडीतच बसून राहिली. त्यामुळे हे मी मनात पक्कं करून ठेवलं.

उन्हाळ्याच्या शेवटी जपानी जोडपं परत गेलं. जाताना ती बाई आईचे हात सोडेना. तिचं माहेर डोंगरात होतं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं खूप जुनं गाव, आणि तिच्या आईची तिथे प्रवाशांसाठी सराय होती. ओकासाननं यायचंच, असं तिनं पन्नासातले तीसेक शब्द खर्च करून मला बजावलं. आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं आणि विमान टोकियोवरूनच जायचं. मी एक आठवडा रजा टाकली. ऑफिसातल्या मॅनेजरला वाटलं मी हेरगिरीला चालले आहे, त्यानं उत्साहानं मंजूर केली.

टोकियोहून दोन तास ट्रेन आणि मग तासभर बस. बस डोंगर चढू लागली तशी आईनं खिडकी उघडली. उंच सरळसोट झाडं, मध्येच लाल झालेले मेपल, खाली खडकांतून उड्या मारणारी नदी. वळणावळणावर छोट्या दगडी मूर्ती होत्या, गळ्यात लाल कापड बांधलेल्या. थंडी आहे म्हणून बुद्धाला अंगडं घातलंय, असं आईनं ठरवून टाकलं आणि प्रत्येक मूर्तीला हात जोडत राहिली. पाचव्या वळणानंतर मला मळमळायला लागलं. तिला काही होत नव्हतं.

गाव म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना चिकटून उभी राहिलेली तीन-तीन मजली लाकडी घरं. रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफ येत होती, आणि सगळीकडे उकडलेल्या अंड्याचा वास. अंडी खरंच उकडत होती, एका दुकानापुढे झऱ्याच्या पाण्यात टोपली सोडून. लोक रस्त्यातून झोपायचे अंगरखे घालून, लाकडी खडावा खटखटवत फिरत होते, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. शेकडो वर्षं लोक इथे दुखणी घेऊन येतात, असं आम्हाला घ्यायला स्टॉपवर आलेल्या त्या जपानी शेजारणीनं उतरल्या उतरल्या सांगितलं. एके काळी लढाईतले जखमी यायचे. आता आईचे गुडघे आले होते.

सरायीच्या दारात शेजारणीची आई उभी होती. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, चेहऱ्यावर फक्त सुरकुत्या आणि डोळे. तिनं आम्हाला वाकून नमस्कार केला. आईनं वाकून केला. तिनं आणखी वाकून केला. शेवटी माझ्या आईच्या गुडघ्यांनी हार मानली म्हणून तो कार्यक्रम आटोपला. जेवणात भाजलेली सुकी मासळी आली तेव्हा आई एकदम खूश झाली, हे तर आपलं सुकट, म्हणून दोन जास्तीचे मासे घेतले. त्या पॉटलकच्या काकू इथे भुकेनं मेल्या असत्या, असंही म्हणाली. म्हणजे विसरली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. मी लायब्ररीतून एक गाइडबुक आणलं होतं आणि त्यातलं झऱ्यांच्या अंघोळीचं पान पाठ केलं होतं, कारण त्यात लिहिलं होतं की या कुंडांत अंगावर एक धागाही ठेवून उतरत नाहीत. बायकांचं कुंड वेगळं, पण सगळ्या बायका एकत्र. मला दरदरून घाम फुटला. गुपचूप मी दोन स्विमसूट घेतले होते, आईचा काळा, बाह्यांचा. ते पाहून शेजारीण तोंडावर हात ठेवून हसली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली. मी आईला कसं सांगावं याचा विचार करत दुपारपर्यंत खोलीत येरझाऱ्या घातल्या.

दोन वाजता आम्ही खाली गेलो. कपडे काढायच्या खोलीत मी टॉवेल घट्ट लपेटून कोपऱ्यात उभी राहिले आणि वळून बघते तो आई तयार. पातळ, पोलकं, सगळं नीट घडी करून टोपलीत. अठ्ठावन्न वर्षांची, पोट सुटलेली, सिझेरियनचा व्रण असलेली माझी आई दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभी असावी तशी उभी होती. तीस वर्षं बायकांना असंच पाहत आले, मला कुणी पाहिलं तर काय झिजणार आहे, म्हणाली. वर मलाच दटावलं, लाजतेस काय, आटप. मी टॉवेल सोडला. इतकी फजिती माझी पूर्वी कधी झाली नव्हती, पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. अवघड भाग संपला असं मला वाटलं.

आत गेलो. लाकडी छत, काळे दगड, आणि मधोमध ते कुंड. बांबूच्या नळीतून पाणी पडत होतं, वाफ इतकी की पलीकडची भिंत दिसेना. दोन बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. आईचा चेहरा मी पाहिला. ती सरळ कुंडाकडे निघाली.

सरायीत काम करणारी एक मुलगी तिथे बादल्या रचत होती. ती लगबगीनं आडवी आली. आईला थांबवून, वाकून, हसून, तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथे बुटकी लाकडी स्टुलं होती, नळ, साबण, बादल्या. तिनं स्वतःच्या हातांवर चोळल्याची खूण केली. आधी अंग धुऊन घ्या. पाण्यातल्या दोघी बायका आमच्याकडे बघत होत्या.

मला पान आठवलं. नग्नतेच्या खालचीच ओळ. कुंडात उतरण्याआधी प्रत्येकानं साबणानं अंग स्वच्छ धुवायचं. मी ती वाचली होती, पण माझं सगळं लक्ष वरच्या ओळीत अडकलेलं. मी हसतच म्हटलं, अगं आई, सांगायचंच राहिलं, इथे आधी धुवायचं असतं.

आई हलली नाही. मग तिनं वळून टोपलीच्या खोलीचा रस्ता धरला. मी मागे गेले तोवर ती पोलक्याची बटणं लावत होती.

"सकाळी आंघोळ करून आली मी," ती म्हणाली. "तरी मला धुवायला सांगून राहिली ती."

मी म्हटलं, आई, सगळेच धुतात, नियम आहे.

"पाण्यात बसल्या होत्या त्या धुताना पाहिल्या तू? मी नाही पाहिल्या." मग ती बाकावर बसली. "बाबांनाही असंच सांगितलं होतं. कुंडावरचा माणूस म्हणाला, आधी ओढ्यात धुऊन ये, मग पाहू. बाबांनी ओढ्यात बसून वाळूनं अंग घासलं. इसबाचं अंग, रक्त आलं. मी पाठ घासून दिली. परत आलो तर म्हणतो, आता त्या मोरीवर जा."

हे तिनं सनीव्हेलला सांगितलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. हजारो मैलांवरून मी तिला त्या एका पाण्यासाठी आणलं होतं, आणि एक ओळ सांगायची विसरले होते. ती ओळ आधी कळली असती तर तिला काहीच वाटलं नसतं. नर्स होती ती, दिवसातून पन्नासदा हात धुणारी. आता ती खोलीत जाऊन खिडकीपाशी बसली आणि म्हणाली की चहा मिळाला तर बरं होईल, आणि उद्या सकाळची बस किती वाजता आहे.

मी शेजारणीला शोधत स्वयंपाकघरात गेले. तिला काय आणि कुठल्या शब्दांत सांगणार? जात हा शब्द माझ्याकडे होता, तिच्याकडे नव्हता. शेवटी मी पेन काढलं आणि एका कागदावर चित्र काढलं. मी दिवसभर ऑफिसात लेआउटच काढत असे, लाखभर ट्रान्झिस्टरचे. हे त्याहून अवघड गेलं. वर एक कुंड, त्यात माणसं. मध्ये भिंत. खाली मोरी, पाण्याचा बाण वरून खाली. खाली एक माणूस उकिडवा. भिंतीवर एक लहान मुलगी. मग माणसाच्या हातात वाळू काढली, आणि मी स्वतःचा हात जोरजोरात घासून दाखवला, आणि खालच्या मोरीकडे बोट केलं.

शेजारीण बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग तिनं लहान मुलीवर बोट ठेवलं. "ओकासान?"

मी हो म्हटलं. तिचे डोळे भरून आले. कागद घेऊन ती मागच्या खोलीत आपल्या आईकडे गेली. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता.

पुढे कधीतरी मी वाचलं की जपाननंही आपल्याच काही माणसांना पिढ्यानपिढ्या असंच बाजूला ठेवलं होतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. म्हातारीला अर्थातच ठाऊक असणार. ते चित्र तिला लगेच कळलं त्याचं कारण कदाचित तेच असेल.

चारच्या सुमारास आमच्या खोलीचं सरकतं दार वाजलं. म्हातारी दारात, खांद्यावर टॉवेल, मागे शेजारीण. म्हातारीनं आईपुढे हात केला, चल म्हणून. आई माझ्याकडे बघू लागली. नको म्हणायची तिची तयारी मला दिसत होती, पण ऐंशीच्या पुढची बाई दारात हात पुढे करून उभी असताना नको म्हणायचं तिला जमलं नाही. आम्ही चौघी खाली गेलो.

या वेळी कुंड रिकामं होतं. म्हातारी सरळ स्टुलावर बसली, बादली भरली आणि स्वतःला धुवायला लागली. मान, कानामागे, काखा, पायांच्या बोटांमधली जागा. सावकाश, सगळं दिसेल असं. ज्या घरात ती जन्मली, जे कुंड तिच्या बापजाद्यांचं, त्यात उतरण्यासाठी ती म्हातारी दहा मिनिटं अंग घासत होती. शेजारच्या स्टुलावर तिची मुलगी तेच करत होती. मग मी बसले आणि मीही धुवायला लागले. या वेळी मला लाज वाटल्याचं आठवत नाही.

आई उभी राहून आमच्या तिघींकडे पाहत होती. वॉर्डात नवी नर्स काम कसं करते हे बघताना ती अशीच हाताची घडी घालून उभी राहत असणार. मग तिनं एक स्टूल पायानं ओढलं आणि बसली. साबण मागितला. आईनं अंग धुतलं.

धुऊन होतंय तोच म्हातारी उठून तिच्या मागे आली. गुडघ्यांवर बसली आणि टॉवेलला साबण लावून आईची पाठ चोळायला लागली. इथे घरच्या माणसाची पाठ अशी चोळतात, शेजारणीनं मला हळूच सांगितलं. आई ताठ झाली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांची अंगं पुसली होती, तिची पाठ चोळलेली मी कधी पाहिली नव्हती. हळूहळू तिचे खांदे खाली आले. म्हातारीनं दोन बादल्या गरम पाणी तिच्या खांद्यांवरून ओतलं, अगदी जवळून, हातानं केस बाजूला धरून.

कुंडाच्या काठाशी आम्ही थांबलो. मला वाटलं म्हातारी आधी उतरेल. ती बाजूला झाली आणि वाकून आईला हातानं वाट दाखवली.

आईनं मला विचारलं, "मला म्हणते का?"

"हो. पाहुण्यांनी आधी."

आई काठाला धरून उतरली. पाणी चटका देण्याइतकं गरम होतं, तिनं दातांतून हवा आत ओढली, पण थांबली नाही. गुडघे, कंबर, छाती. मग ती खाली बसली आणि पाणी तिच्या गळ्याशी आलं. तिनं डोळे मिटले.

म्हातारी तोवर वर उभीच होती, थंडीत, ओल्या अंगानं. आई नीट बसली हे पाहून मग ती उतरली, आईच्या अगदी शेजारी, आणि एक लांब हुंकार दिला, माझी आजी खाटेवर आडवी होताना द्यायची तसा. मग तिनं ओंजळीत ते पाणी घेतलं आणि दोनदा स्वतःच्या तोंडावर मारलं. आईनं डोळे उघडले होते. ती बघत होती.

बांबूतून पाणी पडत राहिलं. शेजारीण आणि मी पलीकडच्या कडेला बसलो होतो, आणि मी रडत होते. ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं आई माझ्याकडे सरकली.

"माझ्यामागून उतरली ती," ती म्हणाली. "पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"आणि तोंडावर घेतलं पाणी."

"हो, आई. मी पाहिलं."

तिनं मान डोलावली, आणि आणखी थोडं खाली सरकून पाणी हनुवटीपर्यंत घेतलं.